खेकड्याचे दप्तर

मराठीत खेकड्याला कोणी चांगले म्हटल्याचे मला आठवत नाही. एकमेकांचे पाय ओढणाऱ्या माणसांना आपण खेकड्याची उपमा देतो. झाकण नसलेल्या टोपलीतल्या खेकड्यांची गोष्ट तर दर स्नेहसंमेलनात कोणीतरी प्रमुख पाहुणा सांगतोच आणि 'हे मराठी खेकडे, यांना झाकण लागत नाही' म्हणून टाळ्या घेतो. २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातले तिवरे धरण फुटले, वीसहून अधिक माणसे गेली, आणि तेव्हाच्या जलसंधारण मंत्र्यांनी धरण खेकड्यांनी पोखरल्याचे सांगितले. म्हणजे बिचारा खेकडा कायम आरोपीच्या पिंजऱ्यात उभा.

वाचकहो, आज मी त्याला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा करणार आहे. माझा विषय मराठी आणि इतिहास. विज्ञान शिकवणारे गुरुजी वेगळे होते, आणि प्रयोगशाळेची किल्लीही त्यांच्याकडेच असे. पण निवृत्तीनंतर वाचनाला वेळ मिळाला, तेव्हा लक्षात आले की नदीतला खेकडा हा प्राणीशास्त्राचा जितका विषय आहे, तितकाच इतिहासाचाही आहे. तो आपल्या अंगात पाण्याची नोंद ठेवतो. ती नोंद कशी ठेवली जाते, कशी वाचायची आणि तिच्यावर किती विश्वास ठेवायचा, हे सारे प्रश्न इतिहासाच्या माणसाला ओळखीचे आहेत. जुन्या कागदापुढे बसल्यावर आम्ही हेच विचारतो.

आधी आमच्या भागाबद्दल दोन शब्द. भोर आणि वेल्हे हे पुणे जिल्ह्याच्या नैर्ऋत्येचे डोंगरी तालुके. वेल्ह्याचे नाव 'राजगड तालुका' करण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने २०२४ मध्ये घेतला, पण माझ्या पिढीच्या तोंडी वेल्हेच बसले आहे. राजगड, तोरणा, रोहिडा हे किल्ले इथले. नीरा, वेळवंडी, गुंजवणी, कानंद, आंबी या नद्या इथल्या. स्वातंत्र्यापर्यंत हा बराचसा मुलूख पंत सचिवांच्या भोर संस्थानात होता. ते संस्थान १९४८ मध्ये विलीन झाले.

मृगाचा पहिला पाऊस पडला की इथल्या ओढ्यांवर आणि भातखाचरांच्या बांधांवर रात्री बॅटऱ्या लुकलुकू लागतात. पूर्वी पलिते असत. उन्हाळाभर बिळात बसलेले खेकडे बाहेर पडतात आणि माणसे त्यांच्या मागे. पहिल्या पावसाच्या दुसऱ्या दिवशी माझ्या वर्गात कातकरी वाडीवरची मुले हमखास गैरहजर असत. त्यांना मी कधी रागावलो नाही. चार दिवस घरात कोरड्यास मिळायचे, वर थोडे विकून मीठमिरचीचे पैसे सुटायचे. वर्गात बसून त्या दिवशी मी त्यांना याहून मोठे काही देणार नव्हतो.

आता खेकड्याच्या लेखी इतिहासाकडे वळू. १८२५ च्या पावसाळ्यात कलकत्त्याचा बिशप रेजिनाल्ड हेबर पुण्यात आला होता. दख्खनच्या गवतात बिळे करून राहणारे लहान खेकडे आणि गवताच्या काड्या कापून बिळाकडे नेण्याची त्यांची लगबग त्याने कौतुकाने लिहून ठेवली. त्याच सुमारास कर्नल विल्यम सायक्स हा अधिकारी आपल्या मुलखात फिरत होता. मुंबई सरकारने १८२४ मध्ये त्याला सांख्यिकी माहिती गोळा करण्याच्या कामावर नेमले होते. गावे किती, घरे किती, पिके कोणती हे मोजता मोजता त्याने पक्षी, मासे आणि खेकडेही टिपले. १८३१ मध्ये तो मायदेशी परतला. पुढे १८३६ मध्ये त्याने वेस्टवुड या कीटकशास्त्रज्ञाबरोबर दख्खनमधल्या खेकड्यांवर लंडनमध्ये निबंध प्रसिद्ध केला. त्यात या खेकड्याला 'क्युनिक्युलॅरिस' हे नाव मिळाले. या लॅटिन शब्दाचे मूळ सशाच्या बिळाशी जोडलेले आहे. आज त्याचे पूर्ण शास्त्रीय नाव 'बॅरिटेल्फुसा क्युनिक्युलॅरिस' असे आहे. बांधावर बीळ करणाऱ्या आपल्या खेकड्याला सातासमुद्रापार 'बीळवाला' हेच नाव मिळाले, ही मला मोठी गंमत वाटते.

त्यानंतर १९१० मध्ये आल्कॉक या शास्त्रज्ञाने कलकत्त्याच्या इंडियन म्युझियममधल्या गोड्या पाण्यातल्या खेकड्यांची सूची छापली. १९१६ मध्ये भारतीय प्राणी सर्वेक्षण ही संस्था स्थापन झाली. तिचे पश्चिम विभागाचे केंद्र आपल्या पुण्यात, आकुर्डीला आहे. १९७० च्या दशकात औरंगाबादच्या मराठवाडा विद्यापीठात याच बीळवाल्या खेकड्याच्या प्रजननावर संशोधन झाले. अगदी अलीकडे, २०१६ मध्ये, समीर कुमार पाती, तेजस ठाकरे आणि अनिल खैरे यांनी सह्याद्रीतून एकदम पाच नव्या जातींचे वर्णन केले. दोनशे वर्षे लोक बघत आहेत आणि तरी नव्या जाती सापडतातच आहेत.

एवढ्या जाती का? याचे उत्तर आपल्या विषयाच्या गाभ्यात नेणारे आहे. समुद्रातल्या खेकड्याची अंडी फुटली की त्यातून डोळ्यांना दिसेल न दिसेल अशी पिल्ले निघतात आणि लाटांबरोबर कुठल्या कुठे वाहत जातात. आपल्या डोंगरातल्या खेकड्याचे तसे नाही. त्याच्या अंड्यातून थेट छोटा खेकडाच बाहेर येतो. काही दिवस तो आईच्या पोटाखालच्या झापेत बसतो आणि मग त्याच ओढ्यात उतरतो. जन्म तिथे, बीळ तिथे, मरणही तिथेच. एक डोंगर ओलांडला की दुसरे गणगोत. म्हणून तर एवढ्या जाती झाल्या. आणि म्हणूनच, एखाद्या ओढ्यातल्या खेकड्याच्या अंगात जे सापडते, ते त्याच ओढ्याचे असते. वाहत्या पाण्याची बाटली भरून तपासली तर त्या दिवसाची, त्या घटकेची हकीकत कळते. खेकडा त्या पाण्यात काही वर्षे काढतो. बाटली ही तार म्हणावी, तर खेकडा म्हणजे वर्षभराची रोजकीर्द.

आता या रोजकीर्दीत धातू जमा कसे होतात ते पाहू.

पहिली गोष्ट म्हणजे धातू खेकड्याला परका नाही. आपल्या रक्तात लोह असते म्हणून ते तांबडे. खेकड्याच्या रक्तात लोहाचे काम तांबे करते, म्हणून हवा लागली की ते निळसर दिसते. त्या द्रव्याला हिमोसायनिन म्हणतात. म्हणजे तांब्याशिवाय खेकडा जगूच शकत नाही. जस्तही त्याला हवे असते. शिवाय सह्याद्रीचा काळा दगड, म्हणजे बेसॉल्ट, यात तांबे, जस्त, निकेल, क्रोमियम हे निसर्गतःच असतात. तो दगड झिजून माती होते आणि ती माती ओढ्यात येते. तेव्हा खेकड्यात तांबे सापडले म्हणून लगेच 'प्रदूषण, प्रदूषण' अशी ओरड करणे म्हणजे सावकाराच्या वहीत पैशांचा आकडा दिसला म्हणून त्याला चोर ठरवण्यासारखे आहे.

दुसरा गट आहे बिनबोलावलेल्या पाहुण्यांचा. कॅडमियम, शिसे, पारा. यांचे खेकड्याच्या शरीरात काहीही काम नाही. तरी ते आत शिरतात, आणि कॅडमियमची शिरण्याची युक्ती ऐकण्यासारखी आहे. खेकड्याला कवचासाठी कॅल्शियम लागते आणि ते तो कल्ल्यांतून पाण्यातूनच शोषून घेतो. पाण्यात विरघळलेल्या कॅडमियमच्या कणाचे आकारमान कॅल्शियमच्या कणाशी जवळजवळ जुळते. दारावरचा पहारेकरी फसतो आणि कॅल्शियमच्या वाटेने कॅडमियम आत येते.

इथे पाण्याचा स्वभाव महत्त्वाचा ठरतो. ज्या पाण्यात साबणाला फेस येत नाही ते जड पाणी. त्यात कॅल्शियम भरपूर असते. एसटीच्या दाराशी शंभर माणसांची गर्दी असेल तर फुकट्या प्रवाशाला आत घुसणे अवघड जाते, तसे जड पाण्यात कॅडमियमला कल्ल्याच्या दारातून शिरणे अवघड जाते. मृदू पाण्यात कॅल्शियमची गर्दीच नसते. दार मोकळे, आणि फुकट्याचे फावते. म्हणजे दोन ओढ्यांत कॅडमियम अगदी सारखे असले, तरी मृदू पाण्यातला खेकडा जास्त शोषून घेईल.

पाणी आंबट झाले, म्हणजे त्याची आम्लता वाढली, की गाळाला चिकटून बसलेले धातू सुटे होऊन पाण्यात येतात. पानापाचोळ्याच्या कुजण्यातून आलेली द्रव्ये पाण्यात असली तर ती धातूंना धरून ठेवतात आणि खेकड्याचा थोडा बचाव होतो. पाण्यातला प्राणवायू कमी झाला की खेकड्याला श्वासासाठी कल्ल्यांवरून जास्त पाणी फिरवावे लागते. जास्त पाणी म्हणजे जास्त धातूशी गाठ. ऊन वाढून पाणी तापले की शरीराचा सारा कारभारच वेगाने चालतो. यात अन्नाची वाट वेगळीच. खेकडा कुजकी पाने, शेवाळ, मेलेले मासे आणि त्यांच्याबरोबर गाळही खातो. पाण्यातून निवळून तळाशी बसलेले धातू असे पुन्हा त्याच्या पोटात जातात.

आता हे सगळे आमच्या ऋतुचक्रावर ठेवून बघा. चैत्र-वैशाखात ओढ्याचे डोह उरतात. पाणी आटते तसे त्यातले क्षार दाट होतात आणि पाणी जड होते. म्हणजे एका बाजूने खेकड्याला संरक्षण मिळते. पण त्याच वेळी धातूही दाट होतात, पाणी तापते, प्राणवायू घटतो. मग मृग येतो. रस्त्यावर, उकिरड्यावर, शेतात आठ महिने साठलेले सगळे पहिल्या लोंढ्याबरोबर ओढ्यात उतरते. आषाढ-श्रावणात घाटमाथ्यावर असा पाऊस कोसळतो की ओढ्याचे पाणी म्हणजे जवळपास नुसते पावसाचे पाणी, अतिशय मृदू. आणि याच सुगीच्या दिवसांत खेकडा वाढतो, कात टाकतो. जुने कवच टाकल्यावर नवे कवच मऊ असते, ते टणक करायला त्याला भराभर कॅल्शियम हवे असते. म्हणजे दार सताड उघडे, आणि पाण्यात कॅल्शियमची गर्दी सर्वांत कमी. फुकट्याला याहून चांगला मुहूर्त कोणता!

आत आलेल्या धातूचे पुढे काय होते? खेकड्याच्या पोटात यकृत आणि स्वादुपिंड यांचे काम एकत्र करणारी एक पिवळसर ग्रंथी असते. शरीराचे कोठार म्हणा. तिथे काही प्रथिने धातूला घट्ट बांधून ठेवतात, म्हणजे तो बाकी शरीरात धुडगूस घालत नाही. अशा प्रथिनाचा शोध १९५७ मध्ये घोड्याच्या मूत्रपिंडात लागला, आणि पुढे खेकड्यांसह अनेक प्राण्यांत ती सापडली. शिशाचा मोठा वाटा कवचात जातो. तांबे आणि जस्त मात्र खेकडा काही मर्यादेपर्यंत आवरतो. जास्तीचे बाहेर टाकतो आणि अंगातले प्रमाण एका पातळीवर राखतो. ती मर्यादा ओलांडली गेली की मग ते भराभर साठू लागतात.

इतिहासाच्या माणसाने कान टवकारावेत ती जागा ही. वि. का. राजवाडे यांनी १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' खंडांमागून खंड छापली. आमच्या पिढीला त्यांनी एक शिस्त लावली. कागद सापडला म्हणून नाचू नये. तो अस्सल की नक्कल, कोणी लिहिला, कुठल्या तारखेचा, लिहिणाऱ्याला काय लपवायचे होते, हे आधी विचारावे. खेकड्यालाही हेच प्रश्न विचारावे लागतात. कॅडमियम आणि शिसे यांच्याबाबतीत तो बऱ्यापैकी खरे बोलतो, कारण त्यांच्यावर त्याचा ताबा नाही. तांबे-जस्ताच्या बाबतीत तो सभ्य कारकुनासारखा आकडे सांभाळून लिहितो. पाणी बिघडू लागले तरी बराच काळ वही ठीकठाक दिसते. कात टाकताना तो कवचाबरोबर काही पाने फाडून टाकतो. आणि पुष्कळदा टाकलेले कवच स्वतःच खाऊन टाकतो, म्हणजे फाडलेली पाने परत शिवतो. तेव्हा कोणत्या महिन्यात पकडला, कात टाकून किती दिवस झाले, नर की मादी, केवढा, आणि त्या वेळी पाणी कसे होते, हे लिहिले नसेल तर खेकड्यातला आकडा म्हणजे तारीख नसलेले पत्र.

आणि आमच्या नद्यांचे पाणी तर गेल्या सव्वाशे वर्षांत पार बदलले. वेळवंडीवर भाटघरला पहिले धरण एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस झाले. त्याच्या जलाशयाला इंग्रज 'लेक व्हाइटिंग' म्हणत. त्याच्याच जागी १९२० च्या दशकात मोठे लॉइड धरण उभे राहिले. पुढे आंबी नदीवर पानशेतचे धरण आले. ते १२ जुलै १९६१ ला फुटले आणि पुण्यात हाहाकार झाला, हे पुण्याच्या प्रत्येक घराला ठाऊक आहे. नंतर ते पुन्हा बांधले गेले. मग नीरा-देवघर, मग गुंजवणी. पावसाळ्यात वर्तमानपत्रात धरणसाठ्याचे कोष्टक येते, ते पाहून मी बेरीज केली. भाटघर २३.५०, नीरा-देवघर ११.७३, पानशेत १०.६५ आणि गुंजवणी ३.६९ टीएमसी. एकूण ४९.५७. दोन छोट्या डोंगरी तालुक्यांत जवळजवळ ५० टीएमसी पाणी अडलेले आहे.

या पाण्याने बारामती, फलटण आणि पुणे यांचे काय झाले हा निराळा लेख होईल. खेकड्याचे काय झाले ते आपण पाहू. पूर्वी नदी पावसाळ्यात धावायची आणि उन्हाळ्यात डोहांत बसायची. आता धरणाच्या वर एक पाणी, खाली दुसरे. खोल जलाशयात उन्हाळ्यात वरचे पाणी तापून हलके होते आणि तळाचे गार पाणी खालीच अडकते. तळाशी पालापाचोळा कुजून प्राणवायू संपतो. मग गाळातले लोह आणि मँगनीज विरघळतात, आणि त्यांना चिकटून बसलेले इतर धातूही सुटतात. तळाच्या दारातून असे पाणी सोडले की ते खालच्या नदीत जाते आणि हवा लागली की त्यातले पुष्कळसे पुन्हा गाळ होऊन बसते. ऐन उन्हाळ्यात, जेव्हा पूर्वी डोह असत, तेव्हा आता आवर्तनाचे पाणी वाहते. धरणाखालच्या खेकड्याची वही त्यामुळे वरच्या खेकड्यापेक्षा वेगळ्या हाताने लिहिली जाते. दोन्हींची तुलना करायची तर धरणाचा इतिहास समोर हवाच.

धातू येण्याच्या वाटाही याच काळात वाढल्या. पुणे-सातारा महामार्ग भोर तालुक्यातून नसरापूर, कापूरहोळवरून जातो. १ फेब्रुवारी २००० पर्यंत देशात शिसे मिसळलेले पेट्रोल विकले जात होते. ते बंद झाले, पण शिसे कुजत नाही आणि उडूनही जात नाही. रस्त्याकडेच्या मातीत बसलेले शिसे पावसाबरोबर हळूहळू उताराला लागते. भाताला घालतात ते जस्ताचे सल्फेट, फवारणीचे मोरचूद, आणि फॉस्फेट खते, ज्यांच्या मूळ दगडात थोडे कॅडमियम असते. जुन्या बॅटऱ्या, ट्यूबा, रंगाचे डबे. गणेशमूर्तींचे रासायनिक रंग, ज्यांच्यासाठी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१० मध्ये विसर्जनाचे नियम केले आणि २०२० मध्ये ते सुधारले. यातले प्रत्येक थोडे थोडे. पण रोजकीर्द थोड्या थोड्याचीच असते.

जगाने हा धडा फार महाग दराने घेतला. जपानमध्ये मिनामाता इथे १९५६ मध्ये एक विचित्र रोग नोंदवला गेला. आधी मांजरे वेड्यासारखी नाचून मेली, मग कोळ्यांची मुले लुळी पडली. समुद्रात सोडलेला पारा मासे आणि शिंपल्यांतून त्यांच्या ताटात आला होता. त्याच देशात जिंझू नदीच्या खोऱ्यात खाणीतले कॅडमियम भाताच्या शेतात उतरले. बायकांची हाडे इतकी ठिसूळ झाली की दुखण्याच्या विव्हळण्यावरूनच रोगाला 'इताई-इताई' नाव पडले. म्हणजे आपले 'आई गं, आई गं'. १९६८ मध्ये सरकारने त्याचे कारण मान्य केले. दोन्ही ठिकाणी पाण्यातले प्राणी आधी बोलत होते, ऐकणारे कोणी नव्हते. मग १९७५ मध्ये गोल्डबर्ग या शास्त्रज्ञाने सुचवले की किनाऱ्यावरचे शिंपले ठरावीक ठिकाणी, ठरावीक काळाने तपासून समुद्राची तब्येत पाहावी. तोच विचार पुढे नद्यांतल्या खेकड्यांपर्यंत आला. दक्षिण आफ्रिकेत खाणी आणि कारखान्यांच्या सांडपाण्याने बिघडलेल्या पाण्यातल्या खेकड्यांत तांबे किती साठते याचा अभ्यास १९९० च्या दशकात झाला. आपल्याकडे, आमच्या बीळवाल्याचा सख्खा भाऊ 'बॅरिटेल्फुसा गुरिनी', त्याच्यावर कॅडमियम काय परिणाम करते हेही त्याच दशकात तपासले गेले.

सायक्सच्या काळात हे शक्यच नव्हते. त्याने खेकड्याचे रूप आणि राहणी लिहिली, पण कणाकणाएवढा धातू सहज मोजण्याची अणुशोषणाची पद्धत ऑस्ट्रेलियात ॲलन वॉल्श यांनी मांडली तीच मुळी १९५५ मध्ये. तोवर भाटघरचे धरण उभे राहून पाव शतक झाले होते. म्हणजे मूळ नदीतल्या खेकड्याची वही कोणी वाचायच्या आधीच नदी बदलली.

आता शेवटचा आणि मला सर्वांत जवळचा मुद्दा, ताटाचा. कॅडमियमची युरोपातली मर्यादा कवचधारी प्राण्यांसाठी किलोमागे अर्धा मिलिग्रॅम अशी आहे, पण खेकड्याच्या बाबतीत ती फक्त पायांच्या पांढऱ्या मांसाला लागू होते. पोटातल्या मगजात कॅडमियम फार जास्त असू शकते, म्हणून तो बेताने खावा, असा सल्ला युरोपीय आयोगाने २०११ मध्ये वेगळा दिला. तिकडे पाय खातात आणि मगज चवीला. आमच्याकडे? बारके पाय पाट्यावर वाटून त्यांचा रस गाळून कालवणात घालतात आणि मगज तर जाणकाराने मागून घ्यायचा. सर्दी-पडशाला, गुडघेदुखीला खेकड्याचा रस्सा हे गावचे औषध. कोठारासकट पूर्ण खेकडा आपल्या वाटीत येतो. आणि उकळल्याने जंतू मरतात, धातू मरत नाही.

शहरातला माणूस पावसाळ्यात घाटात फिरायला येतो, गवताच्या काडीत बांधलेली खेकड्यांची माळ विकत घेतो आणि वर्षातून एकदा रस्सा ओरपतो. त्याच्यासाठी हा प्रश्न नाही. कातकरी वाडीवरच्या पोराच्या घरी पावसाळाभर हेच कोरड्यास असते. ज्याच्या ताटात नदी रोज येते, त्याला नदीच्या वहीत काय लिहिले आहे हे कळण्याचा पहिला हक्क आहे. त्याला 'खेकडे खाऊ नका' सांगणे म्हणजे त्याच्या तोंडचे फुकटचे प्रथिन काढून घेणे, आणि बदल्यात काही न देणे. ते मी सांगणार नाही. वरच्या रानातल्या ओढ्यातला खेकडा आणि गावाच्या नाल्याखालचा, महामार्गाच्या मोरीखालचा खेकडा यांत फरक करावा, खालच्या खेकड्याचा पिवळा मगज काढून टाकावा, लहान मुलांना आणि गरोदर बाईला तो देऊ नये, एवढे मात्र जरूर सांगावे. याला खर्च नाही.

आणि एक काम शाळा-महाविद्यालयांनी करण्यासारखे आहे. नदीवरच्या तीनच जागा ठरवाव्यात. धरणाच्या वर, धरणाच्या खाली आणि गावाच्या खाली. दर वर्षी वैशाखात आणि भाद्रपदात, त्याच आकाराचे चार-पाच खेकडे. सरसकट टोपलीभर नकोत, आधीच ते कमी होत आहेत. त्या दिवशीच्या पाण्याची आम्लता, जडपणा, तापमान, प्राणवायू लिहावा. नर-मादी, कवच मऊ की टणक, ते लिहावे. मांस, मगज आणि कवच वेगवेगळे विद्यापीठाच्या प्रयोगशाळेकडे द्यावे. आणि एकेक वाळलेले कवच तारीख, जागा घालून डब्यात जपून ठेवावे. आज तपासायला पैसे नसले तरी चालेल. कवचातले शिसे पन्नास वर्षांनीही तिथेच असेल, आणि तोवर उपकरणे स्वस्त होतील.

पंत सचिवांच्या दप्तरखान्यात गावोगावच्या वतनांचे कागद राखले गेले, म्हणून आज आम्ही तीनशे वर्षांपूर्वीचे तंटे वाचू शकतो. सायक्सने दख्खनचा खेकडा १८३६ मध्ये कागदावर आणला, म्हणून त्याचे नाव राहिले. त्याच्या अंगातली वही मात्र दर पावसाळ्यात लिहिली जाते आणि दर पावसाळ्यात आम्ही ती रश्श्याबरोबर खाऊन टाकतो. गावात एखादा तरुण विज्ञान-शिक्षक हे वाचत असेल तर त्याने निदान एक डबा आणि एक वही घालावी. तारखेची पहिली ओळ लिहायला मी येईन, अक्षर अजून बरे आहे.